आग्नेय कोपऱ्यातला डच माणूस

...नाही, हसू नका, तुम्ही हसताय आणि इकडे माझी बायको गेली! तशी नाही हो गेली, ठणठणीत आहे, शुभ बोला... गेली म्हणजे घर सोडून गेली. अडतीस वर्षांच्या संसारात एकदाही रुसून माहेरी गेली नाही. आता माहेर सांगलीला आणि आम्ही अमेरिकेत एडिसनला, रुसायचं तर सोळा तास विमानात बसा, तोवर राग उतरतो, हे मान्य... पण तरी! ती पद्मजा या वयात बॅग घेते आणि मुलाकडे, निहारकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला निघून जाते, ती कशापायी? तर दोन इंचांच्या एका तांब्याच्या तुकड्यापायी! जो मी खणून काढला. माझ्याच अंगणातून, माझ्याच हातानं, गुडघ्याला पट्टा बांधून! तुम्हाला सांगतो, जमिनीतलं जमिनीत राहू द्यावं!

आता मुळात हा खणायचा नाद मला लागला कुठून? छत्तीस वर्षं मी पाण्याच्या पाइपलाइन डिझाइन केल्या, म्हणजे खड्ड्यांशी संबंध होता, पण कागदावर! रिटायर झालो, आणि आमचा चारुदत्त आला. चारुदत्त म्हणजे रिटायर्ड डेंटिस्ट, मूळ नागपूरचा, पन्नास वर्षं अमेरिकेत राहूनही त्याचं 'बे' काही सुटलेलं नाही. तो मेटल डिटेक्टर घेऊनच दारात उभा! म्हणाला, "अबे गुरुनाथ, तू सोन्याच्या खाणीवर राहून राहिला बे! अडीचशे वर्षांपूर्वी इथून सैन्य गेलं, डच शेतकरी होते, इंग्रज होते, त्यांची बटणं, बक्कलं, नाणी, सगळं तुझ्या पायाखाली आहे, आणि तू वर बसून सुडोकू सोडवतो?"

आता कुणी असं म्हटल्यावर माणूस सुडोकू सोडवेल का? तुम्ही सोडवाल? मी नाही सोडवला. मीही मशीन घेतलं. कानाला हेडफोन, हातात तो दांडा, जमिनीवरून डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे... पद्मजा म्हणाली, "एवढा झाडू घरात फिरवला असतात तर?" पण ते जाऊ दे. बरं, फिरवायचं कुठे? पार्कात बंदी. शेजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, आमचं लॉन नवीन आहे. राहिलं काय, स्वतःचं अंगण! पहिल्या महिन्यात काय सापडलं सांगू? सोड्याच्या कॅनचे टॅब, एकशे चौदा. एक बंदुकीची गोळी, सतराशे सत्याहत्तरची... ती मासे धरायच्या गळाचं शिसं निघाली. एक कॉलोनियल बक्कल... ते माझ्याच जुन्या सॅण्डलचं. आणि ओळख पटवणार कोण, तर चारुदत्त! दातांचा डॉक्टर तो, भिंग लावून बघतो, दात कोरायच्या आकड्यानं माती काढतो आणि आपल्याला वाटतं, आता म्हणणार, "रूट कॅनाल करावं लागेल."

आणि मग तो दिवस उजाडला. मे महिना, सकाळची वेळ, घराच्या मागचा कोपरा, हायड्रेंजियाच्या झुडपाशेजारी. मशीन असं वाजलं, असं वाजलं... आकडा ब्याऐंशी! आता ब्याऐंशी म्हणजे तांबं. मी खणतोय, पद्मजा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडतेय, "अहो, माझी झाडं! दिवसभर काय उकिरडा उकरायचा तो!" आणि माझ्या मुठीत तो तुकडा आलेला, मातीनं माखलेला, हिरवट, आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "तू जा बाई निहारकडे चार दिवस, मला शांतपणे खणू दे!" लक्षात ठेवा हं, मुठीत तो होता आणि मी हे बोललो. लक्षात ठेवा!

चारुदत्तनं आकड्यानं माती काढली. आत एक माणूस! दोन इंची, पत्र्यावर उठवलेला, गुडघे दुमडलेले, हात जोडलेले, गालफडं फुगलेली. चारुदत्त भिंगातून बघतोय, बघतोय... आणि हळूच म्हणतो, "गुरुनाथ. प्रार्थना करून राहिला बे. डच आहे. शेतकरी. हा टोपीचा काठ बघ." तुम्ही म्हणाल, अहो तुम्ही मराठी माणसं, दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला! आम्ही फोटो काढून त्या खणणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला, तर ओहायोचा कुणी एक म्हणाला, "डच, सतराशे चाळीस, हंड्रेड पर्सेंट." एकदा हंड्रेड पर्सेंट म्हटल्यावर आपण कोण बोलणारे? मी इंजिनिअर माणूस, आकडा आला की मान डोलावतो.

इथून वीस मिनिटांवर एक जुनं घर आहे, त्याचं म्युझियम केलंय... नाव सांगत नाही, आधीच शोभा झालीय. तिथल्या अध्यक्ष मार्था, वय त्र्याऐंशी, त्यांनी तो डच माणूस हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! म्हणाल्या, "गुरू, यू हॅव गिव्हन अस अ फेस." मला भरून आलं. छत्तीस वर्षांत माझ्या एका पाइपलाइनला बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, म्हणजे पाइप फुटल्याशिवाय! मी तिथल्या तिथे देणगीच्या कागदावर सही केली. वाचलं का? नाही वाचलं! कायमचं, परत न मागण्याच्या अटीवर... सही ठोकली. जमिनीतलं जमिनीत राहू द्यावं, आणि वर काढलंच तर निदान सही तरी करू नये!

मग समारंभ. काचेची पेटी, आत मखमल, वर दिवा, खाली पाटी, 'प्रार्थना करणारा डच शेतकरी, अंदाजे १७४०.' चीज, क्रॅकर्स, चाळीस माणसं. पद्मजाला मी काहीच सांगितलं नव्हतं, सरप्राइज म्हणून. ती जांभळी पैठणी नेसून आलेली. पेटीजवळ गेली. चष्मा लावला. वाकली. मी मागे उभा, आता ही वळणार आणि म्हणणार, अहो, किती हुशार तुम्ही... आणि ही काय करते? ही हळूच पायातल्या चपला काढते! त्या कार्पेटवर, चाळीस अमेरिकनांच्या समोर, चपला काढून बाजूला ठेवते, हात जोडते, आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "अहो. हा आपला वास्तुपुरुष आहे."

माझ्या हातातलं क्रॅकर खाली पडलं.

आता तुम्ही विचारणार, अहो, स्वतःच्या वास्तुशांतीला तुम्ही नव्हतात? होतो! एक्क्याण्णव साली, सोवळं नेसून, पाटावर, जोडीनं बसलो होतो! पण लाकडी घर, आत होम, भटजींनी तूप ओतलं मात्र, स्मोक अलार्म जो बोंबलायला लागला... मी सोवळ्यावरच खुर्चीवर उभा, हातात टॉवेल, फडफड फडफड, खाली दारात फायर ब्रिगेडचे तीन धिप्पाड जवान, त्यांना मी वरूनच ओरडून सांगतोय, "नो फायर! ओन्ली गॉड!" आणि नेमक्या त्या वेळात भटजी आणि पद्मजा मागच्या अंगणात जाऊन आग्नेय कोपऱ्यात तो पुरून आले. म्हणजे मी त्याचं तोंड कधी बघितलंच नाही! ओळखणार कुठून? आणि चारुदत्तचा जन्म गेला काँडोमध्ये. त्याच्या वास्तूला पुरुष नाही, सोसायटीची कमिटी आहे!

गाडी घरी आली. पद्मजा दारातच थांबली. म्हणाली, "तेहेतीस वर्षं मी या घरात वाईट बोलू दिलं नाही कुणाला. का? तर वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. निहारला ताप आला तेव्हा तुम्ही म्हणालात, काही खरं नाही, मी तुमचं तोंड दाबलं. तुमची नोकरी गेली तेव्हा मीच म्हणत राहिले, मिळेल, मिळेल, मिळेल. आणि मिळाली. त्याच्या भरवशावर मी हे घर सांभाळलं, आणि तुम्ही त्याला चीजबरोबर मांडलात?" मग म्हणाली, "तो जमिनीत परत गेल्याशिवाय मी या घरात पाऊल टाकणार नाही." बॅग मीच भरून आणून दिली, ती उंबऱ्याबाहेर गाडीत बसून होती. एअरपोर्टला सोडून परत येताना मला आठवलं... तू जा बाई निहारकडे! मुठीत तो होता आणि तो म्हणाला असणार, तथास्तु! अहो, चार दिवस म्हटलं होतं मी, तेवढं तरी ऐकायचंस!

तुम्ही म्हणाल, दुसरा आणा. मी म्हटलं हो तसं फोनवर! तर पलीकडून, "पहिला असताना दुसरा? उद्या मी हरवले तर दुसरी आणाल?" भटजींना विचारलं, तर ते म्हणाले, "होईल की, परत वास्तुशांत करू. जोडीनं बसावं लागेल." जोडी कुठून आणू? निहारचा रोज फोन, "बाबा, आई इज रीअरेंजिंग माय एंटायर किचन. मला मीठ सापडत नाहीये. प्लीज फिक्स धिस!" अरे, तुला मीठ सापडत नाही, मला इथे काहीच सापडत नाही! सकाळी दोन कप चहा टाकतो आणि दुसरा ओतून देतो. मुद्दाम नाही हो, हात टाकतो. भांडायला कुणी नाही. टीव्हीचा आवाज मोठा केला तर 'कमी करा' म्हणायला कुणी नाही, म्हणून मीच थोड्या वेळानं कमी करतो. मला करमत नाही. सरळ सांगतो, मला तिच्याशिवाय करमत नाही.

मग गेलो मार्थाबाईंकडे. हात जोडले. म्हटलं, मॅडम, ही इज नॉट डच. ही इज माय हाउस. त्या म्हणाल्या, "प्रूफ?" प्रूफ होतं! वास्तुशांतीची व्हिडिओ कॅसेट! ती लावायला व्हीसीआर चारुदत्तच्या कपाटातून निघाला, त्यांच्या तळघरात ती सगळी कमिटी, सातजण, सरासरी वय ऐंशी, आणि पडद्यावर मी, सोवळं, खुर्ची, टॉवेल... "ओन्ली गॉड!" त्यांनी ते तीनदा लावलं. एक म्हातारबाबा हसता हसता खोकले, त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी अंगणातला भाग आला, पद्मजा, चौतीस वर्षांची, खड्ड्यापाशी उकिडवी बसलेली, त्याला दोन्ही हातांनी खाली ठेवतेय, पालथा, आणि माती लोटायच्या आधी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवतेय. कुणी हसलं नाही तेव्हा. मीही ते पहिल्यांदाच बघत होतो.

मला वाटलं, मिळाला! कसला मिळतोय! मार्थाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गुरू, हे तर डचपेक्षा मोठं आहे! याच जमिनीत नव्यानं आलेल्या लोकांनी पुरलेलं! हा कायमचा इथेच राहिला पाहिजे!" जमिनीतलं जमिनीत राहू द्यावं, आणि कॅसेट तर अजिबात लावू नये! पाटी बदलायची म्हणून त्यांनी माहितीसाठी पद्मजाला फोन केला. पाच मिनिटांचा फोन, दोन तास चालला. त्या दोघींचं काय ठरलं देव जाणे... देव कसला, तो काचेतलाच जाणे. पण चौथ्या दिवशी पद्मजा परत आली!

मी घर पुसून काढलं, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून गजरा आणला, एअरपोर्टवर तासभर आधी उभा. बाई गाडीत बसली, गजरा घेतला, आणि म्हणाली, "आधी म्युझियमला घ्या." गजरा त्या पेटीवर! आणि त्याच दिवशी तिनं पेटी आग्नेय कोपऱ्यात हलवली, त्याला पालथा केला, म्हणजे लोकांना त्याची पाठच दिसते, मग मार्थाबाईंनी खाली आरसा बसवला. वर केअरटेकरची खोली रिकामी होती. पद्मजा म्हणाली, "तो आहे तिथे मी राहते." राहते म्हणजे खरंच राहते! शनिवारी-रविवारी सगळ्यांना फिरवून माहिती देते, मार्थाबाईंना पोहे करून घालते, आणि परवा तिथे कुणी म्हणालं, छत गळेल बहुतेक, तर त्या त्र्याऐंशी वर्षांच्या बाईंनी त्याचं तोंड दाबलं! शिकवलंय तिनं सगळ्यांना!

आणि मी? मी जातो ना दर रविवारी. रांगेत उभा राहतो, सिनिअरचं तिकीट काढतो, वीस जणांच्या मागे उभा राहून माझ्या बायकोला बघतो. छान बोलते हो, सुंदर बोलते. साडीवर म्युझियमचा बिल्ला लावते, पेटीपाशी येते, सगळं सांगते, तथास्तु सांगते, आणि मग गेल्या रविवारी कुणीतरी विचारलं, हा सापडला कुणाला? पद्मजानं मान वर केली, वीस डोक्यांवरून सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अ लोकल ॲमॅच्युअर. ही डिड नॉट नो व्हॉट ही हॅड ॲट होम."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या... काय करणार, तिकीट काढलं होतं ना!