पाचोळ्याची पोती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक साहेब, प्राचार्य, प्राणिशास्त्र विभागातले माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत बसून घड्याळ बघणारे माझे यजमान,

सगळ्यांना नमस्कार. माझ्याबद्दल आत्ता इतकं गोड बोललं गेलं की, ही कोण बाई बुवा, असं मलाच वाटायला लागलं. नोकरीत असताना यातलं निम्मं जरी कानावर आलं असतं ना, तर जरा बरी झोप लागली असती. असो.

मुलांनी मला 'जाळेवाल्या बाई' असं नाव ठेवलं. आता जाता जाता सांगून टाकते, ज्या कोळ्यावर मी आयुष्यभर संशोधन केलं, तो जाळं विणतच नाही हो! मसुराच्या दाण्याएवढा, मातकट, पायी हिंडून शिकार करणारा. राहतो कुठे? याच सभागृहाच्या मागे, झाडांखालच्या ओलसर पाचोळ्यात. दुसरीकडे खूप शोधला, अजून तरी सापडलेला नाही. या दिवसांत मादी दुमडलेल्या पानात अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिथून हलत नाही. शिकारीलासुद्धा जात नाही. हे मी विभागाच्या प्रत्येक बैठकीत सांगितलं. नेमका तेव्हाच बहुधा चहा यायचा.

आज दुपारी आले, तर मागचं आवार आरशासारखं लख्ख! चहापानाची टेबलं मांडलेली. शिपाईमामा घामाघूम होऊन उभे. म्हणाले, "बाई, तुमचा कार्यक्रम म्हणून सकाळपासून राबतोय सगळे. एक पान शिल्लक ठेवलं नाही!"

माणूस कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, "छान केलंत, मामा." आणि प्रयोगशाळेत जाऊन, दार लावून रडले. यजमान म्हणाले, "अगं, निवृत्त झालीस ना आता? सोड की!" सोडावंसं वाटतंयही. खरंच थकलेय मी. ज्याला तुम्ही कचरा म्हणता त्याला पाचोळा म्हणा, एवढं एक सांगता सांगता माझी उमेद संपली. मामांचा यात काही दोष नाही. आवार झाडायला सांगितलं, त्यांनी झाडलं. प्राचार्यांनीही प्रेमापोटीच सांगितलं. आता प्रेमाने केलेल्या गोष्टीवर भांडायचं तरी कसं?

पण पाचोळा भरलेली पोती अजून फाटकापाशीच आहेत. कचऱ्याची गाडी संध्याकाळी येते. मघाशी, तुम्ही सगळे मला शोधत होतात ना, तेव्हा मी तिथे एक पोतं उघडून बसले होते. पानात ती होती. जिवंत होती, अंड्यांना बिलगून.

तेव्हा अध्यक्ष महोदय, भेटवस्तू मी नंतर घेईन. माझे गुडघे वाकत नाहीत आणि पोती पुष्कळ आहेत. इतक्या वर्षांत कुणापुढे हात पसरला नाही, आज पसरते. गाडी यायच्या आत ती टेबलं हलवूया आणि पोती झाडांखाली परत नेऊया. चला ना सगळे! चहा काय, व्हरांड्यात उभ्या उभ्या घेता येईल.

माझ्यासाठी एवढा घाट घातलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. आणि मामा, पोतं धाडकन उलटं करू नका हं. आडवं ठेवून हळूच सोडा. आत बाळंतिणी बसल्यात.