आद्यपक्ष्याचा उजवा पाय

(ल्याओनिंग प्रांत. जीवाश्म संग्रहालयाची कार्यशाळा. प्रतिकृती बनवणारे थोंगमास्तर, संचालक रुआन. मध्ये टेबलावर कावळ्याएवढ्या आद्यपक्ष्याची खरी पिसं लावलेली प्रतिकृती.)

थोंग : म्हणजे पुन्हा फांदीवर?

रुआन : छे! फांदीवर दिसला तर प्राध्यापक लू उठून जातील. त्यांच्या मते पक्षी जमिनीवर धावता धावता उडायला लागला.

थोंग : म्हणूनच तर मार्चमध्ये जमिनीवर उतरवला ना?

रुआन : त्यावर प्राध्यापक शेन बिथरले. त्यांचा पक्षी झाडावरून झेपावला.

थोंग : मार्चच्या आधी झाडावरच तर होता! मग मे महिन्यात तुम्हीच म्हणालात, उतारावर ठेवा.

रुआन : तो सुवर्णमध्य होता. दोघांनाही आवडला नाही.

थोंग : साहेब, दर वेळी तळपायातून नवी तार जाते. उजव्या पायाला तीन भोकं झालीत. पाय आहे की चाळणी?

रुआन : शुक्रवारी उद्घाटनाला दोघंही येतायत. जेवणाला दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची एकच, तिचाच घोर मला पुरे आहे.

थोंग : शुक्रवारी मी निवृत्त होतोय. चार वर्षं बायकोनं घरच्या बदकांची पिसं निवडून दिली. दोनदा बघायला आली, दोन्ही वेळा ह्याची जागा बदलणं चालू, वर फडकं. एकदा तरी तिला तो उभा दिसू द्या.

रुआन : दिसेल की! खडकावर बसवा. खडक म्हणजे झाड नाही, जमीनही नाही.

थोंग : खरं सांगू? उतारच बरोबर होता. आमची कोंबडीची पिल्लं तिरप्या फळीवर पंख फडफडवत चढतात. पंखांचा उपयोग तिथंच कळतो त्यांना.

रुआन : हे कोणाचं मत?

थोंग : पिल्लांचं.

रुआन : त्यांना निमंत्रण नाही. पाडा भोक.

थोंग : पाडतो. नंतर बोलू नका.

रुआन : ...काय वाजलं?

थोंग : उजवा पाय.

रुआन : आणि हे?

थोंग : सगळा भार डाव्यावर आला. तोही गेला.

रुआन : अहो, परवा उद्घाटन! आता?

थोंग : आता छताला टांगा.

रुआन : हवेत? म्हणजे झाड नाही, जमीन नाही... वा! कोणाची काही हरकतच नाही. मास्तर, हे आधी का नाही सुचलं?

थोंग : आधी त्याला पाय होते.

रुआन : ...आणि वहिनींना काय सांगणार?

थोंग : म्हणेन, ‘उडाला. कसा, ते विचारू नकोस.’