आज्जीचा काठ, खुल्या फाइलीत

वडगावच्या बसथांब्यावर माझ्या मागं विणकर मल्लाप्पा आणि त्यांची लेक करिष्मा उभी होती.

“आप्पा, आज्जीच्या साडीचा काठ कॉम्प्युटरात भरला. एका धाग्याला एक चौकोन. आता नेटवर ठेवते. कंपनीच्या प्रोग्रॅमची फाइल त्यो विकत घेणाऱ्यालाच उघडती, खुली फाइल कुणालाबी.”

“खुलीच ठेव. आई दार कधी लावत न्हवती.”

“मग लांबची, अनोळखी बाईबी त्यो इणंल.”

“इणू दे गं. पर दृष्ट लागू नये म्हणून आई एक धागा चुकवायची. त्यो ठेवलास न्हवं?”

“मला चूक वाटली. सरळ केला.”

“परत चुकव. वारल्यापासनं माझ्या सपनात या मागावरनं त्या मागावर फिरत असती ती. कुणाच्याबी मागावर आपला काठ तिला वळखू आला पाहिजे.”

करिष्मानं मोबाइलवर ती फाइल उघडली आणि एक चौकोन परत चुकवायला घेतला. बस आली. आम्ही तिघांनीही ती जाऊ दिली.