हेलिकॉप्टरला घातलेली माळ

न्हावऱ्याच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाआधी नळाच्या रांगेत उभा होतो. पुढे सप्ताहाचे कारभारी जयसिंगआप्पा आणि त्यांची पुतणी अपेक्षा. फुलं उधळायला भाड्यानं आणलेल्या हेलिकॉप्टरबरोबर ती इंजिनाची तपासनीस म्हणून आली होती. हातांना काळं तेल.

"आप्पा, आज ते उडणार न्हाई."

"अगं, फुलं वरनं पडणार म्हणून निमोण्याची माणसं ट्रॉल्या भरून आलीत. झालंय काय?"

"चालू करताना तापमानाचा काटा लाल रेघेच्या पार गेला. पायलटनं लगेच बंद केलं."

"मग निवू दे. ट्रॅक्टर तापल्यावर मी थांबतोच की."

"ट्रॅक्टर बांधावर उभा ऱ्हातो. हे वर बंद पडलं तर? खाली मंडप भरलाय, त्यात आईबी हाय."

"चुलत्याचं नाक कापतीस व्हय?"

"हवा कमी पडली, आग वाढली. आतली पाती भाजली असतील. कॅमेरा घालून बघितल्याबिगर मी सही करणार न्हाई."

"हवा कशानं कमी पडली?"

"हवा घ्यायच्या तोंडात झेंडूच्या पाकळ्या आन् दोरा निघाला. पायलट बघून गेल्यावर कुणीतरी माळ घातली."





"पूजा केल्याबिगर मशीन कसं चालू करायचं? आन् हे तर तुझं मशीन."

"माझं कुठलं, कंपनीचं."

"तिथंच त्याचं तोंड हाय, हे मला काय ठावं."

"फुलं मंडपात वाटा. ज्याची त्यानं उधळू द्या. बुवांना मी सांगते."

"नको. माळ मी घातली, मीच सांगतो. तू हात धू, काला घ्यायचाय."