सुक्या मासळीचा वास

...आणि वर मलाच विचारतात, "नोंग, तुम्ही आम्हा सगळ्यांचे दादा, थांबवलं का नाही?" मी? तुम्हाला सांगतो, सेबूतल्या या बोटीच्या तिकिटांच्या ऑफिसात अकरा वर्षं घसा फोडतोय की बाबांनो, वास सुक्या मासळीलाही येतो आणि आंबलेल्या भातालाही; एक आपण तळून खातो, दुसरा फेकतो! आम्ही प्रोग्रामर ज्या कोडला 'वास येतो' म्हणतो, त्याचंही तेच! पण ऐकतो कोण?

आमची तिकिटाच्या भाड्याची फाईल म्हणजे आंबलेला भात. दर आठवड्याला उघडा, विद्यार्थ्यांची सवलत घातली की म्हाताऱ्यांची गायब! वारुळाजवळून जाताना अदृश्य आजोबांना "ताबी, आपो, वाट द्या" म्हणतो ना आपण, तसं म्हणून अख्खं ऑफिस ती फाईल उघडतं! तिच्यापायी तीन ईस्टर मी बेटावर आईकडे गेलो नाही. म्हटलं, सर वेंडेल, दोन आठवडे द्या, साफ करतो. तर सर म्हणतात, "चालतंय ना? मग वास कसला?"

आणि कालपरवा नोकरीला लागलेली रीअलिन! "सर, या दोन याद्या अगदी सारख्या आहेत! नोंग, वास येतोय!" अगं बाई, एक भरतीच्या बोटींच्या धक्क्यांची, एक ओहोटीच्या. ईस्टरच्या आठवड्यात ओहोटीच्या बोटी दुसऱ्या धक्क्याला लागतात, तेव्हा बंदरवाले त्यातली एकच बदलतात. एरवी सात वर्षांत कुणाला त्रास नाही... सुकी मासळी आहे ती, राहू दे! पण ऐकतो कोण? माझे दोन आठवडे तिला दिले! दोन याद्यांची एक झाली, सरांनी केक कापला!

ईस्टरच्या आठवड्यातल्या बुधवारी बंदरवाल्यांनी नेहमीसारखा ओहोटीचा धक्का बदलला... आणि बदलला सगळ्याच तिकिटांवर! आणि भरतीच्या बोटीला कोण? माझी आई! "तू येत नाहीस, मीच येते" म्हणून सुकी मासळी बांधून निघालेली! फोन आला, "अरे, मी तिकिटावरच्याच धक्क्यावर उभी आहे, पण बोट पलीकडून सुटली. दिसतेय जाताना... हात हलवू का?"

हलव म्हटलं.

मग बैठक! सर गरजले, "आजपासून जुनं कोड साफ करायचं नाही! कुठलंच!" म्हणजे भाड्याची फाईलसुद्धा! पुन्हा सवलत बदला, पुन्हा "ताबी, आपो"... पुढचा ईस्टरही गेलाच समजा.

आईनं मासळी शेजाऱ्याबरोबर पाठवली. माझ्या खणात आहे. काल रीअलिन हळूच म्हणाली, "नोंग... वास येतोय."

म्हटलं, येऊ दे.