डब्यातला पुठ्ठा

वहिनी, आणि नानांवर माया करणाऱ्या सगळ्यांनो,

फार दिवसांनी जळगावला आलो, तेही अशा दिवशी. क्षमा करा. बोलायला उठलो आहे खरा. जमेल असं वाटत नाही.

नाना शाळेत भूगोल शिकवायचे. मी धुळ्याला बँकेत. दोघांना खूळ एकच, सांख्यिकीय यामिकी. वायूच्या अगणित कणांचा हिशेब एकदम कसा मांडायचा, त्याचं शास्त्र. शिकवणारं कोणी नाही. नानांची अट होती: प्राध्यापकाला विचारायचं नाही, आणि दोघांना कळल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.

एका पानावर अडलो. बिस्किटांचा डबा, मध्ये पुठ्ठा, दोन्हीकडे पांढरे वाटाणे. ते आमचे कण. ओळखू यावेत म्हणून नानांनी प्रत्येकावर शाईने आकडा घातलेला. दोन्हीकडे एकच वायू. पुठ्ठा काढला तर काय बदलतं? काहीच नाही. पण आमच्या गणितात मांडणीचे प्रकार भलतेच वाढायचे. इकडचा तीन नंबर तिकडे गेला, की मोजली नवी मांडणी. कित्येक रविवार भांडलो.

"साहेब, पुस्तक चुकलंय."

"नाना, आपण चुकलोय."

आतून वहिनी ओरडायच्या, "मोजाई ग्यात का बठ्ठा वटाना? मंग उसळ करस!"

मग एक दिवस एसटीडी बूथवरून नानांचा फोन. "साहेब, चूक सापडली!"

"सांगा की."

"फोनवर? छे. तुमचं तोंड बघायचंय मला. रविवारी या."

बँकेत वर्षअखेर होती, कित्येक आठवडे इकडे येणं झालं नव्हतं. म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. पुढचा रविवार आला. नाना नव्हते.

उत्तर पुढच्या पानावर असेलही. पण मला ते नानांकडून हवं होतं. कसं सांगणार होते ते? आधी किती हसणार होते?

आज सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊ, फोन कया त्या दिनले त्यास्नी बठ्ठा वटाना धुई टाकात. शाईना एक डाग ठेवा नही."

सगळे वाटाणे धुतले, त्याच दिवशी! वायूच्या कणावर आकडा असतो कुठे? तो आम्हीच घातला होता. अगदी सारख्या दोघांनी जागा बदलल्या, तर नवं काय घडलं? एवढंच होतं ना, नाना? बरोबर आहे का, हे आता कोणाला विचारू?

मंडळी, थोडा वेळ निःशब्द उभे राहू या. नानांसाठी.

आणि वहिनी, उद्या सकाळी मला तो डबा द्या. धुतलेले वाटाणे एकदा मोजायचे आहेत. मग उसळ करा.