येसूचा गुडघा आणि चिनी सुई

—नाय नाय, रेशीम नको रे बाबा, बांध ते गाठोडं. मी उमरठचा कोंडाजी, आमच्याकडं रेशीम नेसून नांगर कोण धरणार? तुला हाक मारली ती वेगळ्याच कामाला. बस हितं पारावर, सावलीला. बायको माझी, येसू, समोर कासाराकडं बांगड्या भरतेय— ती यायच्या आत विचारून घेतो. सगळा महाडचा बाजार तुला चिनीशेट म्हणतो ना? मग ते सुया टोचायचं खरं काय, ते सांग.

कसल्या सुया म्हणून काय विचारतोस? तुमच्याच मुलखातल्या! आमचा भागोजी, पोरगा, मुंबईला गोदीत हमाली करतो. त्याची पाठ धरली होती. तिथं कोण म्हातारा चिनी हाय, त्यानं म्हणे केसासारख्या बारीक सुया टोचल्या, नि हा उठून चालाय लागला! आता शिमग्याला आला नि आईच्या मागं लागलाय— चल, तुझा गुडघा बरा करून घेऊ. उद्या दासगाव बंदरावरनं मुंबईची बोट. पण भागोजीचं बोलणं म्हंजे निम्मं धरायचं नि निम्मं सोडायचं— कुठलं निम्मं, ते कळाय नको? म्हणून विचारत सुटलो. हितला वैद म्हणाला, सुईनं शीर तुटते. तुम्ही बघितलंय का कुठं, म्हटलं, तर पुड्या बांधाय लागला. दवाखान्यातला कंपाउंडर हसला— सुईत औषध नाय तर टोचून उपेग काय? त्यानं पण बघितलेलं नाय. मग गावात गुरवाकरवी देवाला कौल लावला— उजवं फूल पडलं तर जा, डावं पडलं तर राहा. दोन्ही फुलं चिकटून बसली, हलेनात! गुरव घामाघूम. म्हटलं, राहू दे रे, देव तरी कुठं गेलाय चीनला?

काय? तुला पण ठाऊक नाय? नुसतं कापड विकतोस? बघ, एवढ्या माणसांत 'ठाऊक नाय' म्हणणारा तू पयला— आता तुझंच खरं मानीन. घे, सुपारी खा. आठव जरा, घरात कुणाला टोचलेलं? आईला? तुझ्या आईला! खांद्याला— बरं— दुखायचं? मुंगी चावल्यागत, एवढंच? नि मग? थोडे दिवस हलकं वाटायचं, परत दुखायचं, परत जायची टोचून घ्यायला. पण हात वर व्हायचा— स्वतःचे केस स्वतः विंचरायची. आईचं सांगताना कोण खोटं बोलेल, नाय का?

म्हंजे फरक पडतो. हं. चांगलं झालं. चांगलंच झालं की— नाय रे, तोंड कुठं पडलंय माझं? ऊन लागतंय. वाईट असं काय नसतं का त्यात? एखादं? नीट आठव ना. नाय— बरी व्हावीच ती. पण परत परत टोचायचं म्हंजे तिकडंच राहणार. तिकडं सून हाय, नातू हाय, दारात नळ हाय. हितं काय, डोंगर नि मी. चढणीला बैलगाडीतनं उतरून चालाय लागतं, तिचा गुडघा दुखतो ना, म्हणून मी पण हळू चालतो— वाटभर बोलत. घरात आम्ही एवढं कधी बोलत नाय बघ.

आली. लंगडतेय, पण हसतेय कशी! येसू गो, हळू! हा चिनीभाऊ, ह्याच्या आईनं सुया टोचून घेतलेल्या. सांग रे तिला, मला सांगितलंस तस्संच. फरक पडतो, ते आधी सांग. मी? मी जातो, बैलांना पाणी दावतो.